पहिली मार्टिनी-हेन्री घेताना: रायफल की कार्बाइन, आणि नेपाळची घ्यावी का

तुझे प्रश्न आधी एका जागी मांडतो, नाहीतर माझं उत्तर भरकटेल (भरकटणार आहेच, पण निदान कुठून ते कळेल). तू नोकरीसाठी इंग्लंडात आलायस, खापरपणजोबा बॉम्बे ग्रेनेडियर्समध्ये होते आणि अफगाण लढाईला गेले होते असं घरात सांगतात, म्हणून त्यांच्या हातात होती तशी एक मार्टिनी-हेन्री, म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातली एकबारी ब्रिटिश फौजी रायफल, भिंतीवर लावायची आहे. दोन बघून ठेवल्यात, एक नेपाळहून आलेली स्वस्त रायफल आणि दुसरी जवळजवळ दुप्पट किमतीची आर्टिलरी कार्बाइन, म्हणजे तोफखान्यासाठी केलेली आखूड बंदूक. कुठली घेऊ, इथे लायसन्स लागतं का, आणि गावी माडीवर पोत्यात गुंडाळलेली जुनी बंदूक आहे तिचं काय करू. बरोबर ना? मी मिडलंड्समध्ये राहतो, हा नाद लागून २६ वर्षं झाली, विकायचा धंदा करत नाही, त्यामुळे कुठलीही घेतलीस तरी माझा फायदा-तोटा काही नाही.

आता पहिलीच गोष्ट तुला आवडणार नाही. खापरपणजोबांच्या हातात मार्टिनी-हेन्री नव्हती. त्या लढाईत ग्रेनेडियर्स होते ते मैवंदला, २७ जुलै १८८० रोजी, कंदहारच्या पश्चिमेला. तिथे गोऱ्यांची ६६वी रेजिमेंट होती तिच्याकडे मार्टिनी-हेन्री होत्या, आणि त्यांच्याच शेजारी उभ्या असलेल्या आपल्या लोकांकडे, म्हणजे १ली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि ३०वी जेकब्स रायफल्स यांच्याकडे, स्नायडर. एकाच मैदानावर, एकाच सेनापतीच्या हाताखाली, दोन पिढ्यांची हत्यारं. हे काही चुकून झालेलं नाही. १८५७ नंतर सरकारचं धोरणच होतं की देशी शिपायाच्या हातात गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायची. उठावानंतर तर देशी पलटणींसाठी मुद्दाम आटे (नळीच्या आतले, गोळीला फिरवणारे पीळ) नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या एनफील्ड बनवून घेतल्या, दिसायला हुबेहूब रायफल पण लांबचा नेम शून्य. मग गोऱ्यांना मार्टिनी मिळाली तेव्हा देशी पलटणींना स्नायडर, आणि गोऱ्यांना १८८८ नंतर मॅगझिनवाली ली-मेटफर्ड मिळायला लागली तेव्हा कुठे मार्टिनी देशी पलटणींकडे सरकत आली. त्यात १८७८ चा लिटनचा आर्म्स ॲक्ट, म्हणजे गावात तर लायसन्सशिवाय काहीच ठेवायचं नाही. तेव्हा खापरपणजोबांची आठवण म्हणून घ्यायची असेल तर स्नायडर शोध, मार्टिनी नव्हे. घरात ‘मार्टिन’ असा शब्द चालत आला असेल तर ते पुढे नोकरीत राहिले असतील आणि नंतर ती हातात आली असेल, तेही शक्य आहे.

स्नायडर म्हणजे काय हे थोडं सांगतो कारण लोक तिला उगाच कमी लेखतात. मूळ बंदूक १८५३ पॅटर्नची एनफील्ड, ठासणीची, ५७७ बोअर (म्हणजे नळीचं भोक ०.५७७ इंच), ३९ इंची नळी. हीच ती, जिच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ पेटलं. पुढे सगळ्या जगात मागून भरायच्या बंदुका आल्या आणि इंग्रजांकडे लाखोंनी ठासणीच्या पडून होत्या, त्या फेकून कशा देणार. तेव्हा जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती घेतली: नळीचा मागचा साधारण अडीच इंच तुकडा कापायचा आणि तिथे उजवीकडे उघडणारा लोखंडी ठोकळा असलेली नवी पेटी स्क्रू करायची, बाकी दस्ता, घोडा, लॉक सगळं जुनंच. १८६६ साली ही सैन्यात आली आणि त्याच वर्षी स्नायडर पैशाची वाट बघत कर्जात मेला. काडतूस वुलिचच्या कर्नल बॉक्सरने केलेलं, पितळी पत्र्याची गुंडाळी आणि खाली लोखंडी बूड.

हातात घेतलीस तर असं होतं: घोडा अर्धा ओढायचा, ठोकळा उजवीकडे उलटायचा, तसाच धरून मागे खेचायचा म्हणजे रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येतं, पण पडत नाही, मग अख्खी बंदूक उजव्या कुशीवर वळवायची की ते खाली पडतं. ठोकळा सोडला की आतली स्प्रिंग त्याला पुढे ओढून नेते. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं काहीतरी मोडलं. दहा-वीस वेळा केल्यावर हाताला ताल सापडतो आणि मग कळतं की मिनिटाला तीन बारवाला शिपाई एकदम दहावर कसा गेला असेल.

स्नायडरमध्ये वाचायला पण मजा आहे. लॉकच्या पाटीवर मुकुट, खाली व्ही.आर. (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे व्हिक्टोरिया राणी), आणि पुढे ‘१८६१ टॉवर’ किंवा ‘१८६२ एनफील्ड’ असं काहीतरी. नवखा माणूस म्हणतो, अहो स्नायडर तर १८६६ ची, मग ही खोटी. खोटी नाही, तिचे दोन जन्म आहेत, ठासणीची म्हणून १८६१ ला जन्मली आणि नंतर मागून भरायची झाली. उलट ठोकळ्याच्या डाव्या बाजूला बंद करायचा खटका असेल तर ती मार्क तीन (मार्क म्हणजे सुधारित आवृत्तीचा नंबर), त्यातल्या बऱ्याच मुळातूनच स्नायडर म्हणून बनलेल्या. दस्त्याच्या पितळी पट्टीच्या वरच्या जिभेवर रेजिमेंटचं नाव-नंबर कधीकधी कोरलेलं असतं, तिथे आधी बघ. आय आणि एस आणि मध्ये बाण असा शिक्का दिसला तर ती हिंदुस्थानच्या खात्यात होती. आणि दोन बाण एकमेकांच्या टोकाला टोक लावून ठोकलेले असतील तर सरकारने ती सेवेतून काढून विकली असा अर्थ.

आता मार्टिनी. तुला तीच हवी असेल तर हरकत नाही, कारण यंत्र म्हणून ती खरंच देखणी आहे. यात तीन देशांची डोकी आहेत, मूळ कल्पना पीबडी नावाच्या अमेरिकनाची, तिच्यातला बाहेरचा घोडा काढून सगळं आत घातलं स्वित्झर्लंडमधल्या फॉन मार्टिनीने, आणि नळीचे सात आटे एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीचे. १८७१ ला मंजूर झाली. चापाच्या मागचा दांडा खाली ढकलला की ठोकळ्याचं पुढचं टोक खाली जातं, रिकामं काडतूस सटकन मागे उडतं आणि त्याच हालचालीत आतली सुई ताणली जाते, वरून नवीन काडतूस अंगठ्याने सारायचं, दांडा वर, झालं. बाहेर घोडा नाही म्हणून उजव्या बाजूला थेंबाच्या आकाराची एक लोखंडी खूण आहे, तिच्या तिरपेपणावरून कळतं की बंदूक ताणलेली आहे की नाही. काडतूस ५७७/४५०, म्हणजे ५७७ चं बूड आणि पुढे मान आवळून ४५०, आत ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची शिशाची गोळी, ग्रॅममध्ये साडेपाच आणि एकतीस. कार्बाइन हलकी म्हणून तिला वेगळं काडतूस, ७० ग्रेन दारू आणि ४१० ग्रेन गोळी. रायफलचं काडतूस कार्बाइनमध्ये बसतं, पण खांदा दोन दिवस आठवण काढतो.

पेटीच्या, म्हणजे नळीच्या मागे यंत्र असतं त्या लोखंडी डब्याच्या, उजव्या बाजूला जे ठोकलेलं असतं ती तिची जन्मपत्रिका. वर मुकुट, खाली व्ही.आर., मग कारखाना, साल, आणि रोमन आकड्यात मार्क. सरकारी असेल तर ‘एनफील्ड’. ‘बी.एस.ए. अँड एम. कंपनी’ म्हणजे बर्मिंगहॅमची, ‘एल.एस.ए.’ लंडनची, ‘एन.ए. अँड ए.’ म्हणजे नॅशनल आर्म्स, ‘एच.आर.बी.’ म्हणजे हेन्री रायफल्ड बॅरल. डाव्या बाजूला नंतर काही ठोकलेलं दिसलं तर थांबून वाच, ‘एम.एम. ३०३’ म्हणजे मार्टिनी-मेटफर्ड आणि ‘एम.ई. ३०३’ म्हणजे मार्टिनी-एनफील्ड, जुन्या पेटीवर नवी ३०३ ची नळी बसवलेली. हे वाचणं नुसतं ज्ञानासाठी नाही, कायद्यासाठी आहे, ते पुढे सांगतो.

लांब दांड्याची दिसली तर बहुतेक मार्क चार. पहिल्या मार्कांना आखूड दांडा होता आणि गुंडाळीची पितळी काडतुसं गरम नळीत अडकायची, वाळवंटात तर फारच, बूड फाटून हातात यायचं आणि नळकांडं आतच. म्हणून दांडा लांबवला आणि पुढे काडतूसही एकसंध पितळेचं केलं. मार्क चारची आणखी एक गंमत म्हणजे त्यातल्या ए आणि बी पॅटर्नच्या आधी ४०२ बोअरच्या एनफील्ड-मार्टिनी म्हणून बनल्या होत्या, ती योजना रद्द झाली, आणि मग परत ४५० करून घेतल्या. सरकारी काम तिकडेही तसंच.

जाता जाता, हे ४५० प्रकरण आपल्याकडे किती चिघळलं बघ. सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हातात इतक्या मार्टिनी गेल्या होत्या की विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये ४५० बोअरच्या शिकारी रायफलींवरच बंदी घातली, भीती ही की शिकाऱ्यांच्या गोळ्या तिकडे पोचतील. साहेबांना वाघ-हत्ती तर मारायचेच होते, तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी ४६५, ४७०, ४७५ असे किंचित जाडे बोअर काढले. आज संस्थानिकांच्या संग्रहात ४७० ची डबल बॅरल दिसते ना, तिच्यामागे ही मार्टिनी आहे.

आता तुझी आर्टिलरी कार्बाइन. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून लांबण लावतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एक स्नायडर आर्टिलरी कार्बाइन घेतली, एका जत्रेवजा विक्रीत, विकणारा मोठा गोड बोलणारा म्हातारा. आखूड, नीटस, लाकूड चकचकीत. पैसे मोजून दिले, पावतीसुद्धा नीट घेतली नाही. घरी आणून महिनाभर कौतुक केलं. मग तिची संगीन मिळाली, खरी, शिक्केवाली, आणि ती बसेना. संगिनीची कडी नळीच्या टोकाशी येऊन अडकली. मला वाटलं कडी वाकलीय, म्हणून दुसरी मागवून बघितली, तीही नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. नळी मागे जाड आणि पुढे निमुळती असते, आणि लांब रायफलची नळी मध्येच कापली तर कापलेलं तोंड खऱ्या कार्बाइनच्या तोंडापेक्षा जाड राहणार, कडी बसेलच कशी? मग नळी काढून दस्त्याच्या खोबणीत टॉर्च मारली तर पुढच्या बाजूला लांब बंदुकीची जुनी खाच, लाकडाची खपली भरून बुजवलेली आणि वरून डाग देऊन रंग जुळवलेला. मागचा नेमदेखील लांब रायफलचाच होता, तो मला पहिल्या दिवशी दिसायला हवा होता, पण कौतुकात माणसाला दिसत नाही. ती अजून आहे माझ्याकडे, जिन्याखाली, नव्या लोकांना दाखवायला काढतो.

तेव्हा कार्बाइनची किंमत दुप्पट का, तर कमी बनल्या म्हणून, आणि कमी बनल्या म्हणूनच लोक करवत उचलतात. मार्टिनीच्या घोडदळी कार्बाइनला संगीन नाही, पट्ट्याच्या कड्या नाहीत, नळी साफ करायचा गज नाही, कारण ती घोड्यावर चामड्याच्या खोळीत अडकायची. कोणी कड्या असलेली ‘कॅव्हलरी’ म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा. आर्टिलरीला कड्या आणि संगीन दोन्ही. शिक्का घोडदळीवर ‘आय.सी.’ आणि पुढे मार्क, आर्टिलरीवर ‘ए.सी.’. आता घोळ असा की सरकारने स्वतःच नंतर जुन्या रायफली कापून आर्टिलरीसाठी कार्बाइन केल्या, त्या खऱ्याच आहेत, पण त्यांच्या पेटीवर तसं नव्याने ठोकलेलं असतं. म्हणजे नुसतं कापलेलं दिसलं म्हणून खोटी नाही, कापलेलं आणि पेटीवर मात्र साध्या रायफलचाच मार्क, असं असेल तर कोणीतरी गॅरेजमध्ये केलेली. तू पाठवलेल्या फोटोत पेटीची उजवी बाजू नेमकी सावलीत आहे. विकणाऱ्याने मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण तो फोटो आल्याशिवाय एक पौंड देऊ नकोस.

२४व्या रेजिमेंटचा शिक्का असलेलीही एक दिसली असं तू लिहिलंस. २४वी म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लढाईतली, इसांदलवाना आणि रोर्क्स ड्रिफ्टवाली, २२ जानेवारी १८७९, एका दिवसात एक दारुण पराभव आणि एक अकरा व्हिक्टोरिया क्रॉसवाला बचाव. त्या दोन आकड्यांमुळे किंमत कुठल्या कुठे जाते, आणि दोन आकडे ठोकायला छिन्नी-हातोडी पुरते. भिंग घेऊन बघ: जुना शिक्का धातूबरोबर झिजलेला असतो, कडा गोल, आतला मळ आणि बाहेरचा रंग सारखा. नंतर ठोकलेल्याच्या कडा नखाला लागतात आणि तो जुन्या डागांच्या वरून गेलेला असतो, डाग त्याच्या वरून नाही. शिवाय साल बघ. १८८० नंतर बनलेली रायफल १८७९ च्या लढाईत कशी असेल, पण लोक विकतात आणि लोक घेतात.

खैबरच्या नकलांबद्दलही ऐकलं असशील, पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या गल्ल्यांत घडवलेल्या. कारागिरी बघून थक्क व्हायला होतं, कानस आणि भट्टीवर अख्खी मार्टिनी. फक्त ज्याने शिक्का कोरला त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ‘एनफील्ड’मधला एन उलटा, मुकुट म्हणजे मुरमुऱ्याच्या लाडवासारखा, आणि व्ही.आर.च्या खाली साल १९०६. व्हिक्टोरिया बाई जानेवारी १९०१ मध्येच गेली. अशी एक मी मुद्दाम घेतलीय, नक्कल म्हणून, नकलेच्या भावात. भिंतीवर झकास दिसते पण त्यातून बार काढायचा विचारही नको, लोखंड कसलं आहे देव जाणे. तुर्की मार्टिनी पण येतात मध्येच, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला बनलेल्या, पेटीवर सुलतानाची नक्षीदार सही, त्या खोट्या नाहीत पण ब्रिटिशही नाहीत.

आणि आता नेपाळ. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला (शस्त्रागारातला) राणांचा, म्हणजे नेपाळच्या पिढीजात पंतप्रधानांचा, जुना शस्त्रसाठा दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी मिळून उचलला, त्यात हजारोंनी जुन्या फौजी बंदुका: ब्राउन बेस, ब्रन्सविक, एनफील्ड, स्नायडर, मार्टिनी. त्याआधी मार्टिनी घ्यायची तर चांगलेच पैसे पडायचे, तो लोंढा आल्यावर भाव खाली आले आणि जुने संग्राहक चडफडले. मी नाही चडफडलो, मला तेव्हाच परवडायला लागल्या. यातल्या खऱ्या ब्रिटिश आहेत, काही बेल्जियन बंदूकवाल्या फ्रँकोटच्या पद्धतीच्या आहेत, आणि काही अस्सल नेपाळी, गेहेंद्र शमशेर राणाची ‘गहेंद्र’ रायफल, बाहेरून मार्टिनी वाटते पण उघडलीस की आतलं यंत्र वेस्टली रिचर्ड्स या इंग्रज बंदूकवाल्यांच्या पद्धतीचं. ती मिळाली तर मला सांग, तू नाही घेतलीस तर मी घेतो.

नेपाळच्या मालात तुझा-माझा एक फायदा आहे जो इथल्या गोऱ्याला नाही. त्यांच्यावर देवनागरी ठोकलेलं आहे. एकदा एका विक्रीत एक इंग्रज गृहस्थ आणि त्यांचा मित्र दस्त्यावरचा नंबर वाचत होते, ‘नाइन एट नाइन’ म्हणून वहीत लिहून घेतलं. मी वाकून बघितलं तर १४१. आपला १ त्यांना नऊ वाटतो आणि आपला ४ आठ. त्यांना सांगितलं तर दोघांनी मला तिथून हलूच दिलं नाही, आठ-दहा बंदुका माझ्याकडून वाचून घेतल्या आणि वर चहा पाजला. फक्त नेपाळी वळणाचे ५ आणि ८ आपल्यापेक्षा थोडे वेगळे असतात, तिथे घाई करू नकोस. साल असेल तर ते विक्रम संवत, ५७ वजा कर, १९५० दिसलं तर १८९३. आणि ‘श्री ३’ दिसलं तर ते राणा महाराजांचं बिरुद, राजा तो ‘श्री ५’.

नेपाळचा माल घेताना मळाला घाबरू नको, लाकडाला घाबर. वर बोटभर जाड काळी चिकट पुटं असतात, ती निघतात. पण दस्ता मनगटाशी, म्हणजे पेटीच्या लगेच मागे, तडकलेला असतो आणि मळाखाली ती चीर दिसत नाही. दस्ता दोन्ही हातांनी धरून हलकेच पिळून बघ, कुरकुरला तर भाव पाड. वाळवीची भोकं पण बघ. नळी आतून खड्ड्यांनी भरलेली असली तरी तुला काय करायचंय, भिंतीवर लावायचीय ना. दांडा खाली-वर करून यंत्र चालतं का बघ, थेंबाची खूण हलते का बघ, पण रिकामा चाप सारखा ओढत बसू नकोस, सुईचं टोक तुटतं आणि मग विकणारा तुझ्याकडे बघत राहतो.

साफसफाईचं थोडक्यात: खनिज तेल किंवा केरोसिन, जुनं सुती फडकं, लाकडी चमचा किंवा बांबूची कामटी खरवडायला, आणि फारच हट्टी मळ असेल तर तेलात बुडवलेलं सगळ्यात बारीक, चार शून्यांचं स्टील वूल. सँडपेपर घरात असेल तर शेजाऱ्याकडे ठेवून ये. लाकडावरचे शिक्के एकदा घासले की गेले, आणि शिक्के गेले की बंदूक मुकी झाली, मग नुसतं लाकूड-लोखंड उरलं. लाकडाला जवसाचं तेल, अगदी दोन थेंब, तळहाताने गरम होईस्तोवर चोळायचं, आठवडाभर थांबायचं, परत. मार्टिनीचा ठोकळा काढायचा तर पेटीतून आरपार जाणारी खीळ चिरलेल्या टोकाची आहे, ती टोकं आधी दाबून मग पितळी ठोशाने हळू, नाहीतर टोक तुटतं आणि तसली खीळ शोधण्यात एक उन्हाळा जातो. माझा गेलाय.

कायदा. इंग्लंडमध्ये १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टचं ५८वं कलम जुन्या बंदुकांना सोडतं, आणि २०२१ च्या नियमांनी ‘जुनं’ म्हणजे काय ते पक्कं केलं: १ सप्टेंबर १९३९ च्या आधी बनलेली, काडतूस कालबाह्य यादीतलं, आणि तू ती शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवतोयस. ५७७ स्नायडर आणि ५७७/४५० दोन्ही यादीत आहेत, म्हणजे सर्टिफिकेट (इथलं बंदुकीचं लायसन्स) नको. त्या वेळी यादीतून सात काडतुसं काढली पण ती रिव्हॉल्व्हरची, आपल्याला त्याचा धक्का नाही. पण ३०३ यादीत नाही! म्हणून मी वर डाव्या बाजूचा शिक्का वाच म्हटलं, मार्टिनी-एनफील्ड दिसायला तीच पण सर्टिफिकेटशिवाय घरात ठेवलीस तर गुन्हा. बी.एस.ए.च्या २२ बोअरच्या मार्टिनीचंही तेच. आणि ५७७/४५० नेसुद्धा बार काढायचा ठरवलास तर ती शोभेची राहत नाही, सर्टिफिकेट लागलं. घरी नेताना खोळीत घालून डिकीत ठेव, पावती सोबत, ट्रेनमध्ये उघडी घेऊन बसू नकोस, आपला चेहरा आणि हातात मार्टिनी, पुढचं सांगायला नको. अमेरिकेतल्या मित्राला विचारशील तर तिकडची रेघ १८९८ ला आहे, तोवर बनलेली असेल तर अँटिक.

भारतात मात्र हे काही लावू नकोस. तिकडे आर्म्स ॲक्ट १९५९, आणि त्यातलं ४५वं कलम जुन्या हत्याराला सोडतं खरं, पण शब्द नीट वाच: कालबाह्य किंवा पुरातन किंवा मोडकं, आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालणार नाही असं. हा शेवटचा तुकडाच सगळे विसरतात. दीडशे वर्षं जुनी आहे म्हणून सुटका नाही, आणि तुझ्या वर्णनावरून माडीवरच्या बंदुकीचा घोडा अजून ओढला जातो, म्हणजे ती बसत नाही या सवलतीत. इथून तिकडे पाठवायचा विचार तर अजिबात नको, आणि तिथून इकडे आणायचा पण नको, शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेणं १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला बंद.

मग तिचं करायचं काय? आधी काकांना सांग की तिला हात लावू नका, तेल घालू नका, फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, आणि ‘भरलेली नाहीये’ यावर विश्वास ठेवू नका. ठासणीची असेल तर नळीत शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच बसलेला असू शकतो, काळी दारू कोरडी राहिली तर ती मरत नाही. मग पणजोबांच्या नावाचं जुनं लायसन्स कपाटात-ट्रंकेत शोधा, मिळालं तर निम्मं काम झालं. मिळो न मिळो, वकिलाला घेऊन तालुक्याच्या पोलीस ठाण्यात स्वतःहून जायचं आणि रीतसर जमा करायची, पावती घ्यायची, नंतर वारसाने लायसन्ससाठी अर्ज करायचा की संग्रहालयाला द्यायची हे ठरवायला वेळ मिळतो. आपण होऊन गेलेल्या माणसाचं आणि तक्रारीवरून सापडलेल्या माणसाचं प्रकरण वेगळ्या वाटेने जातं, हे मी माझ्याच एका मावसभावाच्या बाबतीत बघितलंय.

राहिला मूळ प्रश्न. कार्बाइन सोड, निदान पहिली म्हणून. नेपाळची मार्टिनी घेतलीस तर वाचायला शिकशील आणि चुकलास तरी फार बुडणार नाहीस. पण मी तुझ्या जागी असतो तर सहा महिने थांबून मार्क तीनची स्नायडर शोधली असती, खटकावाली, आय-बाण-एसच्या शिक्क्याची, कारण तीच मैवंदला आपल्या लोकांच्या खांद्यावर होती. मधल्या काळात एक शनिवार लीड्सला जा, रॉयल आर्मरीजमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी बघ, तिकीट नाही. आणि त्या नेपाळवालीचे तीन फोटो मागव: पेटीची उजवी बाजू तिरक्या उजेडात, दस्त्याचं मनगट दोन्हीकडून, आणि दस्त्यावरचे देवनागरी आकडे. आकडे तुझे तूच वाच, अडलं तर पाठव.